मुरते ते काय?

नवी वस्तू पहिल्या दिवशी आपला खरा गुण दाखवीत नाही, असे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचे ठाम मत असते आणि ते बहुतांशी खरेही असते. कोरा माठ आधी पाण्यात भिजत ठेवावा लागतो, आणि तरीही पहिल्या दोन दिवसांच्या पाण्याला मातीचा वास येतोच. बिडाच्या नव्या तव्यावरचा पहिला घावन सुखासुखी सुटत नाही. तेल पाजून, तापवून, पुन्हा तेल पाजून त्या तव्याला वळण लावावे लागते. चामड्याची नवी वहाण चार दिवस चावते आणि मग पायाचीच होऊन जाते. कैरीचे लोणचे तर घातल्या दिवशी लोणचे नसतेच. या साऱ्या अनुभवासाठी मराठीने एक फार बोलके क्रियापद दिले आहे : मुरणे. लोणचे मुरते, गवई मुरतो, राजकारणी मुरतो. आणि एखाद्या व्यवहारात काही काळेबेरे असले की तिथे पाणी मुरते.

या मुरण्याचा एक नवाच प्रकार अलीकडे आमच्या कानांवर आला आहे. संगीत ऐकण्याची ज्यांना विशेष आवड आहे अशी काही तरुण मंडळी नवे इयरफोन विकत आणल्यावर ते लगेच कानांना लावीत नाहीत. ते फोनला जोडतात, टेबलाच्या खणात ठेवतात आणि त्यांतून तासन्‌तास आवाज वाहू देतात. कुणी गाणी लावून ठेवतो, तर कुणी ‘पिंक नॉइज’ नावाचा, दूरच्या धबधब्यासारखा एकसुरी आवाज. कुणी ४० तासांची मुदत सांगतो, कुणी १००, कुणी २००. एवढा काळ लोटला म्हणजे इयरफोनचा कर्कशपणा जातो, खर्ज भरदार होतो आणि गाणे मोकळे होते, अशी श्रद्धा आहे. या विधीला ‘बर्न-इन’ म्हणतात. विधी हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला. विधींशी आमचा रोजचाच संबंध असल्यामुळे तो ओळखायला आम्हांस फारसा वेळ लागत नाही.

मूळ शब्द कारखान्यांतला आहे. विजेची उपकरणे गिऱ्हाइकाकडे पाठविण्यापूर्वी ती काही काळ चालवून पाहतात. ज्या भागांत जन्मजात दोष असेल ते भाग बहुधा सुरुवातीलाच निकामी होतात आणि कारखान्यातच उघडे पडतात. म्हणजे ही कच्च्या मालाची निवड झाली. चांगला भाग त्यामुळे अधिक चांगला होतो, असा दावा तिथे कुणी करीत नाही. शब्द कारखान्यातून बाहेर पडला आणि वाटेत त्याचा अर्थ बदलला.

वाचक म्हणतील, इतक्या क्षुल्लक विषयावर या पानांची जागा कशाला खर्ची घालायची? पण ‘मी स्वतः ऐकले, मला फरक जाणवला’ असे कुणी मनापासून सांगितले म्हणजे ते किती प्रमाण मानावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. न्यायालयात तो येतो, घरात येतो, आणि ज्यांना लोकांचे ऐकून घेण्याचेच काम नेमून दिले आहे अशा आमच्यासारख्यांपुढे तर नित्य येतो. इयरफोनच्या उदाहरणाची सोय एवढीच, की त्यात कुणाची अब्रू गुंतलेली नाही. त्यामुळे प्रश्न थंड डोक्याने पाहता येतो.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. नेहमीच्या इयरफोनमध्ये एक लहानसे लोहचुंबक असते, त्याजवळ बारीक तारेचे वेटोळे असते आणि त्या वेटोळ्याला चिकटलेला एक पातळ पडदा असतो. तारेतून वीज वाहू लागली की वेटोळे मागेपुढे हलते, पडदा हवेला ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. मोठ्या स्पीकरमध्ये हा पडदा कडेने कापडाच्या किंवा रबराच्या झालरीने धरलेला असतो. ती झालर कोरी असताना ताठ असते आणि हलू लागली की थोडी सैलावते. तेव्हा मोठ्या स्पीकरच्या बाबतीत मुरण्याला काही आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु कानात घालावयाच्या इयरफोनचा पडदा साधारण ६ ते १५ मिलिमीटर व्यासाचा, एकसंध आणि अतिशय हलका असतो. त्याची हालचालही अत्यल्प असते. सैलावण्यासारखे तिथे फारसे काही नाही. दुसऱ्या एका जातीच्या इयरफोनांत तर चुंबकाच्या मधोमध तोललेली धातूची सूक्ष्म पट्टी आवाज निर्माण करते. तिला झालरच नसते. पण बर्न-इनचा सल्ला तिच्यासाठीही तितक्याच खात्रीने दिला जातो.

प्रयोगांचे म्हणाल तर ते झालेले आहेत. टिल हर्टसेन्स या अमेरिकन हेडफोन-परीक्षकाने २०११ साली एका प्रसिद्ध कंपनीच्या हेडफोनांची मापे वापराच्या तासागणिक घेतली. फरक सापडले, पण अगदी बारीक; हेडफोन डोक्यावरून काढून पुन्हा बसविला तरी मापांत त्याहून मोठा फरक पडतो. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की कोरा कोणता आणि वापरलेला कोणता हे न पाहता ओळखण्याच्या चाचणीत त्याने बहुतेक वेळा बरोबर उत्तर दिले. अर्थात ते दोन वेगळे नग होते, आणि एकाच साच्यातून निघालेले दोन नगही तंतोतंत सारखे नसतात. दुसऱ्या बाजूला, श्युअर या अमेरिकन कंपनीच्या अभियंत्यांनी १९९७ साली बाजारात आलेल्या आपल्या इयरफोनांचे खूप वापरलेले जुने नग पुन्हा मोजून पाहिले, तेव्हा मापे कारखान्यातून निघतेवेळी होती तशीच आढळली.

वाद्यांच्या बाबतीत तरी वाजवून वाजवून आवाज खुलतो की नाही, असे कुणी विचारील. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे यासाठी एक मोठा चिकाटीचा प्रयोग झाला. एकाच कारागिराने सारख्याच लाकडातून दोन व्हायोलिने घडविली. एक व्हायोलिन एका व्यावसायिक वादकाच्या हाती नियमित वाजत राहिले, दुसरे वस्तुसंग्रहालयात जपून ठेवले गेले. तीन वर्षांनी दोन्ही पुन्हा वादकांपुढे आणि श्रोत्यांपुढे आणली, तेव्हा त्यांना दोहोंत म्हणण्यासारखा फरक सांगता आला नाही. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. दोन व्हायोलिनांवरून जगातील साऱ्या लाकडाविषयी निकाल देऊ नये, हे खरे. तरी पिढ्यान्‌पिढ्या छातीठोकपणे सांगितली जाणारी गोष्टही तपासली असता कशी निसटून जाते, याचा तो चांगला नमुना आहे.

परंतु आम्हांस मापांपेक्षा एक साधा विचार अधिक पटतो. इयरफोनचा पडदा वापराने खरोखरच बदलत असेल, तर तो कुठल्याही दिशेने बदलेल. काही इयरफोन सुधारतील, काही बिघडतील. कुणीतरी हळहळून सांगेल, की पहिल्या दिवशी आवाज फार गोड होता, शंभर तासांनी त्याची रया गेली. अशी तक्रार करणारा माणूस आम्हांस अजून भेटलेला नाही. सर्वांचे इयरफोन सुधारतात. गिऱ्हाइकाला काय आवडते याची जाण निर्जीव पडद्याला नसते. ती ज्याला असते, त्याच्याकडेच मग आपले लक्ष वळले पाहिजे.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेतील एक सूत्र आम्हांस शिकविले गेले होते. त्याचा भाव असा, की जे काही ग्रहण केले जाते ते ग्रहण करणाऱ्याच्या घडणीप्रमाणे ग्रहण केले जाते. त्या वयात हे सूत्र परीक्षेपुरते पाठ झाले. त्याचा अर्थ कळला तो बदल्यांमुळे. धर्मगुरूची बदली होऊन तो नव्या धर्मग्रामात गेला, की पहिल्या रविवारी तिथला गायकवृंद त्याला बेसूर वाटतो. पेटी एका पट्टीत, स्त्रियांचे आवाज दुसऱ्या, आणि मागच्या बाकावरचे एक आजोबा सर्वांच्या अर्धा मात्रा पुढे. सहा महिन्यांनी तोच धर्मगुरू पाहुण्यांना सांगतो, की आमचा गायकवृंद फार छान आहे हो! त्या सहा महिन्यांत ना पेटी दुरुस्त झालेली असते, ना आजोबा थांबायला शिकलेले असतात. आमच्या पिढीतील कित्येक सहकाऱ्यांनी हा अनुभव घेतला आहे, आणि मागचा गायकवृंद बरा होता असे म्हणणारे फक्त पहिल्याच महिन्यात भेटतात.

इयरफोनच्या बाबतीत हेच घडते, शिवाय आणखी एक गोष्ट घडते. इयरफोनच्या टोकाचे मऊ रबर कानाच्या नळीत घट्ट बसले नाही आणि कडेला बारीकशी फट राहिली, तर खर्ज निसटून जातो आणि आवाज पत्र्यासारखा वाटतो. नवखा माणूस ते कसेबसे खुपसतो. चार दिवसांनी बोटांना सवय होते आणि रबर नीट बसू लागते. डोक्यावरच्या हेडफोनांच्या गाद्याही वापराने मऊ पडतात आणि कानांभोवती नीट टेकतात. तेव्हा काही बदल बाहेरही होतो, नाही असे नाही. पण तो पडद्याचा नसतो आणि खणात ठेवलेल्या इयरफोनला तर तो मुळीच लाभत नाही. बाकी बदल ऐकणाऱ्याच्या मेंदूत. आधीच्या इयरफोनच्या आवाजालाच तो ‘आवाज’ समजत असतो. नवा आवाज काही काळ परका वाटतो, मग तोच प्रमाण होतो. गंमत पाहा : २०० तास म्हणजे अखंड आठ दिवस आणि आठ तास. नव्याचे नऊ दिवस ही म्हण करणाऱ्याने जणू घड्याळ लावूनच ती केली असावी.

इथवर आल्यावर या तरुणांची थट्टा करण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो, आणि आवरण्यास कारण आहे. स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस यांच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीच्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागात सांचो आपल्या घराण्याची एक गोष्ट सांगतो. त्याच्या दोघा नातेवाइकांना एका पिंपातील वाइनची चव घेऊन मत देण्यास सांगितले. एक म्हणाला, वाइन चांगली, पण लोखंडाचा वास येतो. दुसरा म्हणाला, चामड्याचा येतो. सारे हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक लहानशी किल्ली सापडली. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ साली रुचीविषयीच्या आपल्या निबंधात ही गोष्ट मुद्दाम उतरवून घेतली आहे. तिचे मर्म असे, की जाणकाराची जीभ आपल्याहून सूक्ष्म असू शकते. आपल्याला चव लागली नाही म्हणून किल्ली नव्हती असे होत नाही. तेव्हा हसण्याआधी पिंप रिकामे करून पाहावे.

इयरफोनचे पिंप रिकामे करणे फारसे अवघड नाही. एकाच प्रकारचे दोन नवे नग घ्यावेत. एक शंभर तास वाजवावा, दुसरा डबीतच ठेवावा. मग डोळे बांधून, आवाजाची पातळी सारखी ठेवून, दुसऱ्या कुणाकडून ते दहा वेळा आलटून पालटून कानांत घालून घ्यावेत आणि प्रत्येक वेळी मुरलेला कोणता ते सांगावे. निव्वळ नशिबाने पाच उत्तरे बरोबर येतील. नऊ किंवा दहा येण्याची शक्यता शंभरात एखादीच. आमच्या ओळखीचा एक तरुण बर्न-इनचा कट्टर पुरस्कर्ता आहे. पहिल्या पगारातून त्याने महागडे इयरफोन घेतले, पहिल्या दिवशी ते ऐकून त्याचा चेहरा पडला आणि शंभर तासांनी तो आनंदित झाला. त्याला आम्ही ही चाचणी सुचविली. तो म्हणाला, “फादर, मला माझ्या कानांवर विश्वास आहे.” आम्ही म्हणालो, “मग डोळे बांधायला हरकत कसली?” तो हसला आणि त्याने विषय बदलला.

ही हरकत मानवी आहे आणि तिचा पुरावाही आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ साली स्पीकरांची चाचणी दोन प्रकारे घेतली : एकदा स्पीकर पडद्याआड ठेवून आणि एकदा उघड्यावर. स्पीकर दिसू लागताच लोकांची मते बदलली. मोठे, देखणे, किमती स्पीकर अधिक चांगले ‘ऐकू’ येऊ लागले. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी वाइनबाबत याच्याही पुढे जाऊन पाहिले. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. लोकांना महाग सांगितलेली वाइन अधिक आवडली, आणि मेंदूतील ज्या भागाचा सुखाच्या अनुभवाशी संबंध आहे तो भागही त्या वेळी अधिक जागा झालेला यंत्रावर दिसला. म्हणजे ते लोक शिष्टाचार म्हणून आवडल्याचे सांगत नव्हते. त्यांना सुख खरेच अधिक झाले होते.

इथे नीतीचा खरा पेच सुरू होतो. त्या तरुणाचा आनंद खरा आहे; त्याने सांगितलेले कारण मात्र बहुधा खरे नाही. तो खोटे बोलतो काय? संत ऑगस्टीन यांनी असत्यकथनाविषयीच्या आपल्या ग्रंथात, इ. स. ३९५ च्या सुमारास, याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जो मनात आहे तेच बोलतो तो चुकीचे बोलला तरी लबाड ठरत नाही. पण ते तिथेच थांबत नाहीत. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे मानण्यात दोष आहेच, असेही ते बजावतात. आपल्याकडे पहिला अर्धा भाग फार लोकप्रिय आहे. माणूस मनाचा सच्चा असला की त्याच्या बोलण्याची तपासणी करणे म्हणजे त्याचा अपमान, असे आपण समजतो. प्रामाणिकपणा आणि सत्य या दोन बहिणी आहेत. एकीला घरात घेतले की दुसरी आपोआप आली, असे होत नाही.

आमचे मत असे बनले आहे. तो तरुण आपल्या खोलीत, आपल्या इयरफोनवर आनंदाने गाणे ऐकत असेल तर त्याच्या आनंदाला टाचणी लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. खणात इयरफोन वाजत ठेवल्याने थोडी वीज खर्च होते, एवढेच. पण त्याच्या धाकट्या मावसभावाने नवे इयरफोन आणले, त्याला ते आवडले नाहीत आणि त्याने विचारले, “दादा, परत करू का?” अशा वेळी दादा जे बोलतो ती साक्ष असते. आता दुसऱ्याचे पैसे आणि दुसऱ्याचा निर्णय त्या शब्दांवर उभे राहतात. आपल्याकडे विकत घेतलेली अशी वस्तू परत करण्याची मुदत पुष्कळ ठिकाणी सात-दहा दिवसांचीच असते. रोज तीन तास ऐकणाऱ्याला शंभर तास व्हायला महिन्याहून अधिक काळ लागतो. “आधी शंभर तास वाजू दे, मग बोल,” या सल्ल्यात न आवडलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात कायमची पडते, आणि तोवर त्याच्या कानाला तिची सवयही झालेली असते. हाच सल्ला विक्रेता देतो तेव्हा त्याची गणना दादाच्या भाबडेपणात करता येणार नाही. तिथे पाणी मुरते आहे की नाही, हे गिऱ्हाइकाने पाहावे.

सवयीविषयी आमच्या मनात धास्ती आहे ती वेगळ्याच कारणाने. सवय चांगल्याची होते तशी वाइटाचीही होते, आणि दोन्ही वेळा ती ‘आता बरे वाटते’ अशाच शब्दांत बोलते. बेसूर इयरफोनची सवय झाली म्हणून तो सुरेल होत नाही, गायकवृंदाचेही तसेच. म्हणून नव्या धर्मग्रामात गेलेल्या तरुण सहकाऱ्यांना आम्ही सांगत असतो, की पहिल्या महिन्यात जे जे खटकेल ते एका वहीत लिहून ठेवा. लगेच बोलू नका, लोकांना दुखवू नका, पण लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती वही वाचताना कित्येक तक्रारी पोरकट वाटतील आणि त्या असतीलही. दोन-चार मात्र अशा निघतील, की ज्या आता ऐकूच येईनाशा झाल्या आहेत. इयरफोन घेणाऱ्यानेही पहिल्या दिवशी काय खटकले ते दोन ओळींत लिहून ठेवावे.

आणि कान खरोखर जळतो, हे या शब्दाच्या निमित्ताने सांगितलेच पाहिजे. आपल्या प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्यांच्या थरथरण्यातून आवाज मेंदूकडे जातो. मोठ्या आवाजाने त्या मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे प्रौढ माणसाला सुरक्षित असते. ९० डेसिबल झाला की ही मर्यादा चार तासांवर येते. आगगाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढविला जातो, चार स्थानकांनंतर तोच आवाज कमी वाटू लागतो आणि बोट पुन्हा बटणाकडे जाते. शंभर तासांचे ते मुरणे खणात झाले तर इयरफोनचे काही बिघडत नाही. काहींना मात्र तेवढाही धीर नसतो. ते पहिल्या दिवसापासून, चांगला मोठा आवाज लावून, कानांत घालूनच इयरफोन मुरवायला बसतात. त्या तरुणाने निदान खण तरी वापरला होता.